एपिसोड २३ : पोर्शेच्या टपाचं कापड आणि पप्पांचं दुकान

आज कोडिंग नाही, नोकरी नाही, व्हिसा नाही. आज डोक्यावर पडणाऱ्या कापडाची गोष्ट.

मी स्टुटगार्टला असतो हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या वर्षी मी एक जुनी पोर्शे घेतली. थांबा, लगेच डोळे मोठे करू नका. ९११ नाही, ९४४ आहे, १९८६ ची. १९८२ ते १९९१ या काळात हे मॉडेल निघायचं. माझी बनली नेकार्सउल्मला, ऑडीच्या कारखान्यात, इथून तासाभराच्या अंतरावर. त्यामुळे ९११ वाले हिला खरी पोर्शे मानत नाहीत. नका मानू. मला परवडली ना!

तर या गाडीच्या टपाला आतून जे कापड असतं, ते लोंबायला लागलं होतं. सुरुवातीला आरशात मागचं दिसेना. मग काचा खाली केल्या की ते फडफडून केसांना लागायचं, आणि खांद्यावर पिवळी-तपकिरी भुकटी. इथल्या एका कारागिराने आठशे युरो सांगितले. मी म्हटलं, बीटेक झालोय, एवढं जमेल. स्प्रेचा गोंद आणला, कापड वर दाबलं, झालं. आठ दिवसांत परत खाली.

आता इथे एक गोष्ट सांगायची आहे, जी मी कॉलेजात कुणाला सांगितली नाही. आमचं सांगलीत कुशनचं दुकान आहे. रिक्षांचे हुड, जीपच्या सीटा, टेम्पोचं रेक्झिन. पप्पा तीस वर्षं तेच करतात. हॉस्टेलवर विचारलं की मी सांगायचो, "ऑटोमोबाईल बिझनेस आहे." पुढे कुणी विचारू नये म्हणून विषय बदलायचो. सुट्टीत दुकानात बसायला सांगितलं की मला हमखास अभ्यास असायचा.

रविवारी व्हिडिओ कॉलवर सहज गाडी दाखवली. पप्पांनी गाडी बघितलीच नाही. म्हणाले, "ते कापड मागं कर. बोट घास." घासलं. बोटाला भुकटी.

"आरं, सोल्युशन नाही गेलं. फोम मेलाय. मेलेल्या फोमवर काय चिकटणार?"

म्हणजे काय, तर कापडाच्या मागे पॉलियुरेथेन फोमचा पातळ थर असतो. हवेतला ओलावा आणि गाडीतली उष्णता मिळून वर्षानुवर्षं त्याचे रेणू तोडत राहतात. शेवटी त्याचा भुगा होतो. मी गोंद लावत होतो तो भुग्याला!

मग पुढचे दोन शनिवार-रविवार फोन स्टँडवर आणि पप्पा फोनमध्ये. सनव्हायजर, हँडल, दिवा, खांबांवरची प्लास्टिकं काढली. वरचा साचा एकसंध असतो, वाकवला की मोडतो. सीटा मागे पाडून तो मागच्या काचेच्या झाकणातून बाहेर काढला. एका मित्राने त्याचं गॅरेज दिलं होतं, त्याच्या बायकोची मी इथे जाहीर माफी मागतो. ती भुकटी तिच्या सायकलीवरही बसली.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो साफसफाईने. मी तारेचा ब्रश घेतला, तर पप्पा ओरडले, "साचा फाडशील! नायलॉनचा घे." तोंडाला मास्क लावून चार तास घासलं. मला वाटलं, पुरे. ते म्हणाले, "हात फिरव. हाताला काही लागलं तर पुरे नाही."

नवीन कापड मागे फोम लावलेलंच मिळतं, साधारण तीन मिलिमीटरचा. गोंद मात्र उष्णता सोसणारा हवा. साधा क्राफ्टचा स्प्रे उन्हात सोडतो. कापड अंथरायचं, अर्धं दुमडायचं, दोन्ही बाजूंना गोंद मारायचा आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकट वाटलं पाहिजे, पण बोटाला गोंद येता कामा नये. ओल्यावरच चिकटवलं तर गोंद फोममधून वर येतो आणि डाग पडतो. मग मधून कडेकडे, तळहाताने. जिथे साचा खोलगट आहे तिथे आधी कापड आत बसवायचं. वरून ताणलं तर ते खोलगट भागावर पुलासारखं उभं राहतं आणि महिन्याभरात सुटतं.

हे सगळं पप्पा सांगत होते, एकही गोष्ट न बघता, न वाचता. मी तीन महिने व्हिडिओ बघितले होते.

मध्येच त्यांनी विचारलं, "तिथला माणूस किती म्हणत होता?" मी आठशे युरो सांगितले, रुपयांत करून सांगितले. पलीकडे शांत. मग म्हणाले, "एवढ्यात मी किती रिक्षांचे हुड शिवतो, माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

साचा परत बसला. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिली. मी कॅमेरा जवळ नेला. त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "खोलगटात घाई केलीस. राहू दे. गिऱ्हाईक तूच आहेस, भांडणार कुणाशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसला माझ्या गाडीच्या टपाचा फोटो होता. सुरकुतीचा कोपरा कापलेला. खाली लिहिलं होतं, "आमचे येथे जर्मन गाड्यांचेही काम करून मिळेल."

चला, भेटू पुढच्या रविवारी.