वसईच्या भिंती

(प्रभादेवी येथे प्रौढ साक्षरांच्या वर्गापुढे दिलेले भाषण)



आपल्या वर्गाची सहल वसईच्या किल्ल्यात जायची आहे. गावाकडून कोणी आलं असेल, तर त्यालाही बरोबर घ्या. प्रभादेवीहून दादर एकच स्टेशन. तिथं विरारची गाडी धरायची, वसई रोडला उतरायचं. पुढे बस मिळते.

किल्ला म्हटला की आपल्याला डोंगर आठवतो. वसईचा किल्ला मात्र सपाटीवर, खाडीच्या तोंडाशी आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांनी तटाच्या आत शहरच वसवलं. त्यांच्याबरोबर धर्म पसरवणारे साधू आले. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन असे त्यांचे पंथ. प्रत्येक पंथाने आपलं चर्च बांधलं, मठ बांधला. आपल्या गोखले रोडचं पोर्तुगीज चर्च आहे ना? तेही फ्रान्सिस्कन साधूंनी १५९६ साली स्थापन केलं. तिथली इमारत नवी आहे, जागा जुनी.

पोर्तुगीजांनी देवळं पाडली, रयतेवर जुलूम केला. मग चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. हजारो मराठे पडले. १६ मे १७३९ रोजी किल्ला शरण आला. अप्पांनी सूड घेतला नाही. पोर्तुगीजांना बायकामुलं आणि सामानसुमान घेऊन जाऊ दिलं.

पुढे शहर ओस पडलं. चर्चची छपरं गेली, भिंती उरल्या. सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा अजून उभा आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांचे दगड आहेत. त्यांवर अक्षरं कोरलेली आहेत. किल्ल्यात नागेश्वराचं देऊळ आहे आणि अप्पांचा पुतळाही आहे.

कोणी विचारील, परक्यांच्या पडक्या भिंती कशाला राखायच्या? अहो, त्या घडवणारे हात इथल्याच गवंड्या-मजुरांचे. त्या भिंती नसत्या, तर मराठ्यांनी काय जिंकलं हे पोराबाळांना कसं दाखवणार? अमेरिकेत सान अँटोनियो गावी स्पेनच्या पाद्र्यांनी बांधलेली चार जुनी ठाणी आहेत. ती १९७८ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यान म्हणून राखली आहेत. तिथल्या चर्चमध्ये आजही प्रार्थना चालते.

वसईचा किल्लाही सरकारने संरक्षित केला आहे. पण पहारेकरी किती ठिकाणी पुरा पडणार? लोक भिंतीवर खिळ्याने नावं कोरतात. अशा वास्तूची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुम्ही कष्टाने अक्षर शिकलात. ते वहीत लिहा, अर्जावर सही करा. भिंतीवर मात्र लिहू नका. कोणी कोरताना दिसला, तर त्याला हात जोडून थांबवा. तेवढं केलंत, तरी वसई पाहिल्याचं सार्थक झालं.