खोपोलीच्या सहलीचा बेत : आधी मुक्काम ठरवा, मग तिकीट काढा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

गेल्या चार-पाच बैठकांत एकच विषय फिरून फिरून येतोय. पोरं मागं लागलीत, ‘इमॅजिकाला जायचं.’ मोबाईलवर तिथले पाळणे बघून बघून त्यांना तोंडपाठ झालेत. आणि खरं सांगू का, पोरांचं नाव पुढं करून आपल्यालाही जायचंच आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपण देवाला जातो, लग्नाला जातो, माहेरी जातो. पण नुसतं मजेसाठी, स्वतः साठवलेल्या पैशातून, स्वतः ठरवून एक रात्र बाहेर राहणं आपल्यातल्या किती जणींनी केलंय? फार हात वर येणार नाहीत. म्हणूनच पहिली सहल नीट पार पडली पाहिजे. ती बिघडली तर घरातले म्हणतील, ‘बघा, सांगत होतो,’ आणि दुसरी सहल होणारच नाही.

आधी ठिकाण समजून घेऊ. हे उद्यान रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला आहे. २०१३ साली सुरू झालं. तिथं पाळण्यांचं उद्यान वेगळं आणि पाण्याचं उद्यान वेगळं, दोन्हींची तिकिटंही वेगळी. एका दिवसात दोन्ही करायचा हट्ट धरू नका. धड एकही बघून होत नाही आणि पैसे मात्र दोन्हीचे जातात. पाळणे की पाणी, हे बैठकीत हात वर करून ठरवा. त्यात मोकळेपणानं एक बोला : ज्यांची मासिक पाळी त्या तारखांना येणार असेल, त्यांना पाण्याच्या उद्यानात अवघड होतं. हे आधी बोललं तर तारीख बदलता येते.

आता आपल्या वाईकडून अंतर धरा. वाई ते पुणे नव्वदेक किलोमीटर. पुण्याहून पुढं खोपोली ऐंशीच्या आसपास. खंबाटकी, पुण्यातली गर्दी, बोरघाट, मध्ये चहाला आणि लघवीला थांबणं, सगळं धरून पाच तास धरावेत. बहुतेक जणी म्हणतात, ‘मुक्काम कशाला? पहाटे चारला निघू, रात्री माघारी येऊ. खोलीचे पैसे वाचतील.’

हा हिशोब नीट मांडू. पहाटे चारला निघालात, नऊला पोचलात. दिवसभर फिरलात. संध्याकाळी सात-साडेसातला बाहेर. मुलं गोळा करायची, ओले कपडे भरायचे, काही खायचं, की साडेआठ वाजले. घरी पोचायला रात्रीचा दीड. आपण गाडीत झोपू, पोरं मांडीवर झोपतील. पण ड्रायव्हर? तो पहाटे तीनला उठलेला असतो आणि रात्री एकला तो घाट उतरत असतो. तीस बाया-पोरांचा जीव त्याच्या डोळ्यांवर. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की मुक्काम म्हणजे चैन नाही. या अंतराच्या सहलीत मुक्काम म्हणजे सुरक्षितपणा. तो जमत नसेल तर दोन ड्रायव्हर घ्या. तेही जमत नसेल तर जवळचं ठिकाण निवडा.

मग मुक्काम कधी करायचा, आदल्या रात्री की नंतरच्या? मी म्हणेन, उद्यान बघून झाल्यावर. पहाटे पाचला निघायचं, दहापर्यंत पोचायचं. दिवसभर उद्यान. त्या वेळात ड्रायव्हरला झोपू द्यायचं, त्याला सांगूनच ठेवायचं. संध्याकाळी जवळच मुक्कामाला जायचं, आंघोळ, जेवण, झोप. सकाळी आवरून निघायचं, दिवसाउजेडी घरी. हॉटेलवाले खोली दुपारी देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा-बाराला सोडायला लावतात. आपला बेत त्या वेळेत बरोबर बसतो. आदल्या दिवशी गेलात तर उद्यानातून निघून पुन्हा रात्रीचाच प्रवास.

आता कुठं राहायचं? चार वाटा आहेत.

पहिली, उद्यानाला लागूनच असलेलं हॉटेल. सगळ्यात सोयीचं, आणि चौघांत सगळ्यात महाग. खोली सहसा दोन मोठ्या माणसांची धरतात, तिसऱ्याला जादा आकार लावतात. तीस जणींना हे परवडायचं नाही. पण ज्या घरात अगदी लहान बाळ आहे किंवा चालता न येणारी सासू आहे आणि एकच कुटुंब स्वतंत्र जातंय, त्यांनी हा दर जरूर विचारावा. तिकीट आणि खोली एकत्र घेतल्यावर काही सूट आहे का, तेही विचारावं.

दुसरी, खोपोली गावातलं लॉज. उद्यानापासून जवळ, सगळ्या दरांत मिळतं. पण फोटोवर जाऊ नका. कुणाचं माणूस त्या बाजूला असेल तर त्याला बघायला पाठवा. नाहीतर फोनवर विचारा : सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर मिळतील का? दाराला आतून कडी आहे का? संडास-बाथरूम खोलीतच आहे का? गरम पाणी किती ते किती? बस उभी करायला जागा आहे का? खाली दारू मिळणारं दुकान किंवा बार आहे का? ही शेवटची गोष्ट विचारायला संकोच करू नका. बायांच्या गटाला तीच आधी कळली पाहिजे.

तिसरी, पालीचं भक्तनिवास. अष्टविनायकातला बल्लाळेश्वर पालीला. उद्यानापासून त्याच रस्त्यानं पुढं. मोठ्या गटाला परवडतं, वातावरण घरच्यासारखं, आणि सकाळी दर्शन होतं. घरी परवानगी मागताना ‘पालीला मुक्काम’ म्हटलं की निम्मं काम होतं, हेही तुम्हाला माहीत आहे! परतताना महडचा वरदविनायकही खोपोलीजवळच आहे, म्हणजे अष्टविनायकातले दोन गणपती झाले. पण दोन गोष्टी आधी विचारा. एक, रात्री दरवाजा किती वाजता बंद होतो? आपण नऊच्या पुढं पोचणार, ते त्यांना सांगून ठेवलं पाहिजे. दोन, तारीख कोणती? संकष्टी, अंगारकी, भाद्रपदातली आणि माघातली चतुर्थी, या दिवसांत तिथं पाय ठेवायला जागा नसते. उद्यानात गर्दी कमी म्हणून आपण मंगळवार निवडतो आणि नेमकी अंगारकी निघते. कालनिर्णय उघडून बघा.

चौथी, लोणावळा. हॉटेलं भरपूर आणि आपल्या परतीच्या वाटेवर. पण दमलेल्या ड्रायव्हरला रात्री बोरघाट चढावा लागतो. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात तिथं दर चढतात, रस्ता तुंबतो. सुट्टीचा वार सोडून गेलात तरच विचार करा.

स्वस्त खोली लांब मिळते तेव्हा हा हिशोब घाला. समजा लांबच्या जागेत माणशी १५० रुपये वाचले. ती जागा जाऊन-येऊन ८० किलोमीटर जास्त. गाडीचा दर किलोमीटरला ३५ रुपये धरला तर २,८०० रुपये झाले. तीस जणांत वाटले तर माणशी ९३ रुपये. म्हणजे खरे वाचले ५७. त्या ५७ रुपयांसाठी रडणारी पोरं घेऊन दोन तास जास्तीचा प्रवास. आपण बचतगटातल्या बाया आहोत, व्याज पैशापैशानं मोजतो. मग हेही मोजूया.

गाडीचं बोलायचं तर एसटीच्या साध्या फेरीत महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. लहान गट असेल तर गाड्या बदलत जाता येईल. पण मुलं आणि सामान घेऊन मोठा गट असेल तर स्वतंत्र गाडी बरी. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, तिचं भाडं कसं लागतं ते आगारात जाऊन विचारा. खाजगी गाडी घेतलीत तर परवाना, विमा आणि ड्रायव्हरचं लायसन बघूनच आगाऊ रक्कम द्या.

आता पैसे. इथं मी जरा कडक बोलणार आहे. गटाची बचत सहलीला वापरायची नाही. अंतर्गत कर्जही सहलीसाठी काढायचं नाही. ते पैसे बियाण्याला, शेळीला, आजारपणाला आणि पोरांच्या फीला आहेत. सहलीची वही वेगळी आणि डबा वेगळा. समजा सगळं मिळून माणशी ३,००० रुपये लागणार आहेत. आठवड्याला ७५ रुपये ठेवले तर ४० आठवड्यांत होतात. फेब्रुवारीत सुरू केलं तर दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास रक्कम तयार. मूल बरोबर असेल तर त्याचे वेगळे धरायचे. जी मध्येच गळाली तिला किती परत द्यायचे, तेही पहिल्याच दिवशी ठरावात लिहा. आगाऊ भरलेली खोली रद्द केली तर काय कापतात, ते विचारून मगच लिहा.

जिला ७५ रुपये जमत नाहीत, ती मागं राहता कामा नये. तिनं आधीपासून ३० रुपयांनी सुरुवात करावी आणि पुढच्या वर्षीच्या सहलीला यावं, असं म्हणणं सोपं आहे. त्यापेक्षा गटानं एखादी ऑर्डर घ्यावी, दिवाळीचा फराळ, चटण्या, पापड. त्या कामाची मजुरी तिच्या सहल खात्यात जमा करावी. दान नको, काम द्या. ती मान वर करून गाडीत बसेल.

पैसे भरताना सावध. मोबाईलवर शोधलं की ‘इमॅजिका अर्ध्या दरात’, ‘भक्तनिवास बुकिंग’ असे नंबर वर येतात आणि माणूस म्हणतो, आत्ताच पैसे टाका. टाकायचे नाहीत. उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा तिथल्या खिडकीवरच तिकीट घ्यायचं. गट मोठा असेल तर गटाचा दर विचारायचा. खोलीची पावती संस्थेच्या नावाची हवी. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करायचा. खोलीसाठी प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, त्याच्या झेरॉक्स एका पिशवीत आधीच ठेवा.

तिथं पोचल्यावरच्या चार गोष्टी. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते. मुलांची उंची घरीच मोजा आणि उद्यानाची अट बघून त्यांना आधीच सांगा, म्हणजे रांगेत रडारड नको. गरोदर, हृदयाचा, पाठीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी मोठ्या पाळण्यात बसायचं नाही, मैत्रिणींनी कितीही ओढलं तरी. पाण्यात साडी किंवा सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे लागतात. भाड्यानंही मिळतात, पण गावातून घेऊन गेलात तर स्वस्त पडतं. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, म्हणून भाकरी-चटणी गाडीतच खाऊन आत जा. औषधं आणि बाळाचं खाणं वेगळं सांगून न्या. प्रत्येक दहा जणांमागं एक प्रमुख. दर दोन तासांनी ठरलेल्या जागी मोजणी. मुलांच्या खिशात गटप्रमुखाचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

आणि मावश्यांनो, ‘आम्ही काय पाळण्यात बसणार’ म्हणून तुम्ही घरी राहू नका. तिथं नुसतं बसून बघायच्याही गोष्टी असतात. आत कोणती गोष्ट चालू आहे आणि कोणती दुरुस्तीला बंद, ते निघायच्या आधी विचारून ठेवा. बसलात, बघितलंत, पोरांचे चेहरे बघितलेत, तरी तिकिटाचे पैसे वसूल.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. तिघींची समिती करा : एकीकडे पैसा, एकीकडे मुक्काम, एकीकडे माणसांची यादी. मुक्कामवालीनं चारही ठिकाणचे दर विचारून, कागदावर लिहून आणायचे. तोंडी नको. ते दर बघून मग तारीख, आणि तारीख पक्की झाल्यावर तिकीट. नवी वही घेऊन या, पहिल्या पानावर आपल्या हातानं लिहा, ‘सहल खाते’. पहिले ७५ रुपये त्याच दिवशी जमा होऊ द्या.