लहान धंद्यासाठी संगणक व प्रिंटर : खरेदीपूर्वीचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी मला ह्या मेळाव्यात बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला. आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबे लहान दुकानदारीवर व घरगुती व्यवसायावर चरितार्थ चालवितात. मुलगा हाताशी आला की दुकानात संगणक घ्यावा, गिऱ्हाइकाला छापील बिल द्यावे, अशी इच्छा होते व ती योग्यही आहे. परंतु ह्या इच्छेपायी पतपेढीचे कर्ज काढून आणलेले यंत्र वर्षभरात कापडाखाली झाकून पडलेले मी आपल्याच काही घरांतून पाहिले आहे. यंत्र पडून राहते, हप्ता मात्र पडून राहत नाही. मी यंत्रशास्त्र जाणणारा नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून आयुष्यभर प्राथमिक शाळेत अंकगणित शिकविलेला मी मास्तर आहे. तेव्हा आज जे सांगणार ते मुख्यतः त्रैराशिकच आहे.

संगणक घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानदाराला प्रथम विचारतो, "चांगला कोणता?" कापडाच्या दुकानात जाऊन कोणी "चांगले कापड द्या" असे म्हटले, तर दुकानदार विचारील, सदरा शिवायचा की गादीची खोळ? तोच प्रश्न येथे आपण स्वतःला विचारावयास हवा. माझी सूचना अशी की, खरेदीपूर्वी आठ दिवस एका वहीत टिपून ठेवावे : दुकानातून रोज किती कागद बाहेर पडतात, ते कोणत्या आकाराचे असतात, एकेकाच्या किती प्रती लागतात, आणि रंगीत छपाईवाचून खरोखर किती अडते. ही आठ दिवसांची वही शंभर जाहिरातींहून अधिक उपयोगी पडते. कित्येकदा ती वही असेही सांगेल की यंत्राची गरजच नाही. दिवसाला पाच-सहा पावत्या फाडणाऱ्या शिंप्याला छापील पावतीपुस्तक आणि हातातला मोबाईल पुरेसा आहे. शेजाऱ्याने घेतले म्हणून त्याने कर्ज काढू नये.

आता प्रिंटरकडे वळतो, कारण लोक फसतात ते संगणकापेक्षा प्रिंटरात अधिक. ह्याचे कारण सरळ आहे. संगणकाची किंमत एकदा द्यावी लागते. प्रिंटरची किंमत मात्र रोज, पानागणिक द्यावी लागते, आणि ती खोक्यावर लिहिलेली नसते.

आपल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या नात्यातील एक वहिनी राहतात. यजमान गेल्यावर त्यांनी बाजारपेठेत टंकलेखनाचे व झेरॉक्सचे लहान दुकान घातले. साडेचार हजारांत मिळाला म्हणून एक शाईचा प्रिंटर घेतला. गिऱ्हाईक भरपूर येई, वहिनी सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बसत, तरी महिनाअखेर हातात काही उरेना. मला म्हणाल्या, "भाऊजी, धंदा चालतो आहे, मग पैसे जातात कुठे?" मी त्यांची बिले मागवून घेतली. शाईची डबी नऊशे रुपयांची, आणि तिच्यात पाने निघत एकशे ऐंशी. नऊशेला एकशे ऐंशीने भागा : पानाला पाच रुपये. वहिनी गिऱ्हाइकाकडून पानाचे पाचच रुपये घेत. म्हणजे कागद, वीज, दुकानाचे भाडे आणि त्यांचे स्वतःचे श्रम हे सारे फुकट. गिऱ्हाईक वाढले की तोटाच वाढे.

ज्या प्रिंटरला शाईची टाकी असते आणि बाटलीतून शाई भरता येते, तो त्या वेळी साडेतेरा हजारांना मिळत होता. म्हणजे पहिल्यापेक्षा नऊ हजारांनी महाग. परंतु त्याची काळ्या शाईची बाटली साडेचारशेची, आणि पाने सुमारे साडेचार हजार. पानाला दहा पैसे. वहिनींच्या दुकानात महिन्याला सहाशे पाने छापली जात. पानामागे चार रुपये नव्वद पैसे वाचले, तर महिन्याला दोन हजार नऊशे चाळीस. नऊ हजारांचा जादा खर्च सुमारे तीन महिन्यांत भरून आला. स्वस्त यंत्र त्यांना किती महाग पडत होते हे त्यांना वहीवर दिसले, आणि त्या रात्री त्या स्वस्थ झोपल्या असतील असे मला वाटते.

भाव गावागावाला व महिन्यामहिन्याला बदलतात, म्हणून माझे आकडे पाठ करू नका. भागाकार पाठ करा. शाईची किंमत भागिले पानांची संख्या. पानांची संख्या कंपन्या जाहीर करतात. परंतु तो आकडा साध्या मजकुराच्या पानाचा असतो. लेसर प्रिंटरच्या बाबतीत पानाचा शेकडा पाच भाग शाईने व्यापला जाईल असे साधारणतः धरलेले असते. पानभर गडद छायाचित्र छापले तर वीस पानांची शाई एकाच पानात जाऊ शकते. शिवाय नव्या यंत्राबरोबर येणारी पहिली डबी पुष्कळदा पूर्ण भरलेली नसते. हे दोन्ही प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावेत.

टाकीचा प्रिंटर सर्वांनीच घ्यावा असे मात्र मी म्हणत नाही. त्याची शाई ओली असते. यंत्र तीन-चार आठवडे बंद राहिले तर छपाईच्या बारीक छिद्रांत ती वाळते, आणि ती साफ करण्यात पुन्हा शाई जाते. ती वाया गेलेली शाई शोषून घेणारा स्पंज आत असतो. तोही कालांतराने भरतो, व काही यंत्रांत तो घरी बदलता येतो, काहींत येत नाही. म्हणून रोज छापणाऱ्याने टाकीचा घ्यावा. ज्याचे काम हंगामी आहे, उदाहरणार्थ विवरणपत्रे भरून देणारे आपले करसल्लागार, त्यांना काळ्या छपाईचा लेसर प्रिंटर बरा. त्याची शाई ही शाई नसून कोरडी पूड असते. सहा महिने पडून राहिली तरी ती वाळण्याचा प्रश्न नाही, व तिची अक्षरे पाण्याच्या थेंबाने फुटत नाहीत. पूड कागदावर वितळविण्यासाठी लेसर प्रिंटर क्षणभर इस्त्रीइतकी वीज ओढतो, म्हणून तो संगणकाच्या लहान यूपीएसला जोडू नये. सरळ भिंतीवरच्या सॉकेटला जोडावा.

किराणा आणि औषधांच्या दुकानांतून अरुंद पट्टीवर बिल देणारा थर्मल प्रिंटर आता सर्वत्र दिसतो. त्याच्या कागदाची रुंदी ५८ किंवा ८० मिलिमीटर असते. त्याला शाई लागत नाही, कागदच उष्णतेने काळा होतो. घाईच्या गिऱ्हाइकीला ह्याहून चांगले साधन नाही. पण त्याची अक्षरे उन्हाने, उष्णतेने व तेलाच्या हाताने उडून जातात. म्हणून जे बिल वर्षानुवर्षे जपावयाचे त्याला हा कागद निरुपयोगी. (गृहिणींनीही मिक्सर-पंख्याचे असे बिल मिळाल्यास त्याची झेरॉक्स त्याच दिवशी काढून ठेवावी.)

राहिला जुना, कर्कश आवाजाचा डॉट-मॅट्रिक्स. तरुण मंडळी त्याला हसतात. परंतु सुया फितीवर आपटून तो छापतो, म्हणून कार्बनच्या प्रती एकदम निघतात, ही सोय बाकीच्यांत नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या विक्रीचे बीजक तीन प्रतींत करावे लागते : एक घेणाऱ्यास, एक वाहतूकदारास, एक आपल्यापाशी. ज्याच्या वखारीतून दिवसाला शंभर बीजके निघतात त्याला ही फीत अद्यापि सर्वांत स्वस्त पडते. दहाच बीजके असतील तर लेसरवर तीनदा छापावे, एवढा सोपा हा निर्णय आहे.

संगणकाविषयी थोडक्यात सांगतो. दुकानात एकाच जागी बसून काम असेल तर डेस्कटॉप घ्यावा. त्याचा बिघडलेला भाग वेगळा काढून बदलता येतो. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करणाऱ्यानेच लॅपटॉप घ्यावा. हिशेब, बिले व पत्रव्यवहार ह्यांसाठी आठ जीबी रॅम चालते, सोळा असल्यास उत्तम. साठवण मात्र जुन्या फिरत्या तबकडीची न घेता एसएसडीची घ्यावी; संगणक झटपट सुरू होतो तो मुख्यतः तिच्यामुळे. महागड्या प्रोसेसरवर उधळण्याची आवश्यकता नाही. तो पैसा चांगल्या यूपीएससाठी राखावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावोगावच्या दुकानांतून कचेऱ्यांनी काढून टाकलेले संगणक अर्ध्याहूनही कमी किमतीत मिळतात. वापरलेले घेण्यात कमीपणा मुळीच नाही. तथापि एक गोष्ट पाहावी. विंडोज १० ह्या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यापुढची विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांवर रीतसर चालते. पिढी ओळखणे सोपे आहे : 'आय-फाइव्ह ८४००' ह्यातील पहिला आकडा आठ, म्हणून ती आठवी पिढी, 'आय-फाइव्ह ७४००' ही सातवी. सातवीचा संगणक कोणी 'अगदी नव्यासारखा' म्हणून गळ्यात घालू लागला, तर धंद्याच्या हिशेबासाठी तो घेऊ नये. मुलांच्या अभ्यासाला व पत्रे लिहावयास त्यावर लिनक्स घालून वापरता येतो, ते निराळे.

मराठीत बिले व पत्रिका छापणाऱ्यांस एक विनंती. टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर गेला की निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदयादीची हीच गत झाली असून, ती नव्याने टाइप करण्यास चिटणिसांना किती संध्याकाळी खर्ची घालाव्या लागल्या हे त्यांनाच विचारावे.

संगणक बिघडला तर नवा येतो, पण त्यातील उधारीची खाती परत येत नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील दोन लाखांहून अधिक संगणकांतील माहिती कुलूपबंद केली व किल्लीसाठी पैसे मागितले. म्हणून दर आठवड्याला हिशेबाची प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर घ्यावी, आणि ती डिस्क संगणकाला जोडून न ठेवता घरी कपाटात ठेवावी. दुकान आणि डिस्क एकाच छपराखाली असता कामा नये. आग व चोर दोघेही निवड करीत नाहीत.

खरेदीच्या दिवशी पक्के बिलच मागावे. जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यास धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावर भरलेल्या कराची वजावट मिळू शकते, परंतु बिलावर त्याचा स्वतःचा नोंदणी क्रमांक असला पाहिजे. कंपोझिशन पद्धतीत असलेल्यांस ही वजावट नाही. कच्च्या बिलावर हजार-पाचशे वाचविणारा वजावटीसह हमीलाही मुकतो. हमी किती वर्षांची हे सगळेच विचारतात. दुरुस्तीचा माणूस आपल्या गावी येणार की यंत्र उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागणार, हे फार थोडे विचारतात. तालुक्यात दुरुस्ती नसलेले उत्तम यंत्र घेण्यापेक्षा शेजारच्या गल्लीत दुरुस्ती असलेले मध्यम यंत्र मी पसंत करीन. कर्जच काढावयाचे झाल्यास २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत रक्कम मिळते व तिला तारण लागत नाही. खासगी सावकाराच्या दारात जाण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी.

आणि दुकानात जाताना आपलेच एक मराठी बिल पेनड्राइव्हवर न्यावे, ते समोर छापून घ्यावे, जोडाक्षरे व रुपयाचे चिन्ह नीट उमटले का पाहावे. दुकानदार स्वतःचा रंगीत नमुना दाखवील. तो फुलांचा असतो, आपल्याला फुले विकावयाची नाहीत.

अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपली आहे. भोजनानंतर मी सभागृहाच्या ओसरीवर वही घेऊन बसणार आहे. ज्यांनी शाईची जुनी बिले बरोबर आणली असतील त्यांनी संकोच न करता यावे, आपण पानाचा दर काढून पाहू.