दांडी खाली गेली, चाक मात्र सुटले नाही
(काटोल येथील बैठकीत झालेले भाषण)



भावावर आणि कर्जावर आधीचे वक्ते बोलले आहेत, मी त्यात भर घालत नाही. मला बोलायचे आहे ते पिकअपच्या हँडब्रेकवर. हसू नका. त्या हँडब्रेकपायी माझा गाडीभर कापूस जळता जळता राहिला.

वेचणीचे दिवस होते. सुटा कापूस भरला, ताडपत्री आवळली आणि काटोलहून कळमेश्वरच्या रस्त्याला लागलो. गाडी ओढत नव्हती. वाटले, माल जास्त झाला. थोड्या वेळाने जळका वास यायला लागला. उतरून पाहतो तर मागचे डावे चाक भट्टीसारखे तापलेले आणि ताडपत्रीतून लोंबणारा कापूस त्यापासून वीतभर. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता, गाडी हँडब्रेक ओढून अंगणात उभी होती. सकाळी दांडी खाली केली, तांबडा दिवा विझला, मी निघालो.

त्या दिव्याने मला फसवले. दिव्याचे बटण दांडीपाशी असते, चाकापाशी नाही. दांडी खाली गेली एवढेच तो सांगतो. चाक सुटले की नाही, हे त्याला कळत नाही.

आपल्या वडिलांना हा प्रश्न नव्हता. एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली, त्यानंतर केंद्रावर बंड्यांच्या रांगा लागायच्या. बैल सोडले की बंडी जागच्या जागी. आता गावोगावी पिकअप आहे, २००५ पासून छोटा हत्ती आहे. गाडी आपण घेतली, पण तिच्या पोटात काय आहे ते मिस्त्रीवर सोडून दिले.

पोटात असते ते असे. दांडी ओढली की तारेची केबल ताणली जाते. पुढे तिच्या दोन फांद्या मागच्या दोन चाकांकडे जातात. ड्रमच्या आत एक छोटी दांडी असते, ती दोन्ही ब्रेक शू फाकवते आणि लायनर ड्रमला घट्ट बसते. सोडल्यावर स्प्रिंगांनी शू परत आत ओढायचे असतात. बिघाड होतो तो या परत येण्यात.

केबलच्या टोकाला रबरी टोपी असते. ती फाटली की आपली काळी माती आत शिरते. पावसात चिखल, उन्हाळ्यात वीट. तार गंजते, ओढली तर जाते, सोडली तर येत नाही. वरून तेल सोडले की चार दिवस चालते, पण गंजलेली केबल बदलावीच लागते.

दुसरे कारण आपण स्वतः करतो. लायनर झिजले की दांडी फार वर येते. मग आपण सांगतो, केबल आवळून द्या. दांडी खाली येते, आपण खूश. पण केबल इतकी ताणली जाते की शू पूर्ण मागे येतच नाहीत. आधी ड्रमपाशी शूचे अंतर बसवायचे, केबल त्यानंतर. उलटे केले तर गाडी कायम अर्धा ब्रेक लावून चालते. डिझेल कोण भरतो? आपणच.

दोष शोधायला पैसे लागत नाहीत. सपाट जागा घ्या. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. रिकाम्या गाडीचे मागचे चाक जॅकवर उचला, खाली लाकडी ओंडका द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कोणी शिरू नका. गिअर न्यूट्रल, दांडी खाली. चाक हाताने फिरवा, मग दुसऱ्या बाजूचे पाहा. दोन्ही धरत असतील तर दोष बहुतेक दांडीपाशी किंवा पुढच्या केबलमध्ये. एकच धरत असेल तर त्या बाजूला. आता केबलचा नट सैल करा. चाक सुटले तर केबल धरते आहे. नाही सुटले तर ड्रमच्या आत पाहावे लागेल: गंजलेली छोटी दांडी, तुटलेली स्प्रिंग, किंवा अडकलेला व्हील सिलिंडर. व्हील सिलिंडर हँडब्रेकचा नव्हे, पायाच्या ब्रेकचा भाग आहे. तो मिस्त्रीकडेच द्या. काही गाड्यांत ड्रम काढायला आधी ॲक्सल शाफ्ट काढावा लागतो. ते कामही घरी करू नका.

ड्रम उघडला तर आतली धूळ तोंडाने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा. आणि लायनरला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका, नाहीतर धरणारे चाक बरे होऊन न थांबणारे चाक पदरी पडेल.

रात्रभर पावसात उभ्या गाडीचे लायनर गंजाने ड्रमला चिकटते. तेव्हा एक्सलेटर दाबून फरफटत नेऊ नका, लायनर उखडते. पहिल्या आणि मागच्या गिअरमध्ये हळूच पुढे-मागे हलवा. पावसाळ्यात सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावले तर हँडब्रेक न ओढता भागते. पण उतारावर किंवा जिनिंगच्या रांगेत हे चालणार नाही. माणसे चाकांपुढेच बसून चहा पितात.

कापूस किंवा कडबा भरून निघालात तर पाच-सहा किलोमीटरवर एकदा थांबा. मागच्या चाकांजवळ हाताची पाठ न्या, टेकवू नका. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर पुढे जाऊ नका. दुसऱ्या कापसाच्या गाड्यांपासून दूर उभी करा, लोंबणारा माल आत खोचा आणि ड्रम आपोआप थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर गार पाणी ओतले तर तो तडकू शकतो.

माझी गाडी बाहेर निंबाखाली उभी आहे, रिकामी आहे. चहा झाला की मी जॅक लावतो. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी या, एकेकाने चाक फिरवून पाहा. आणि बायाबापड्यांनो, तुम्हीही या. रांगेत गाडीजवळ तुम्हीच बसलेल्या असता.