अनस एडाथोडिका: क्लब बंद पडत गेले, हा खेळत राहिला

आजच्या भागात फुटबॉल आहे, पण गोल मारणारा हिरो नाही. आज बोलूया एका सेंटर बॅकबद्दल, म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभं राहून समोरच्या स्ट्रायकरला अडवणाऱ्या माणसाबद्दल. त्याचं नाव अनस एडाथोडिका. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा, जन्म 1987 चा. फुटबॉलचा खर्च भागवायला त्यानं काही काळ रिक्षा चालवली, ही गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाते.

फुटबॉलमध्ये एक शब्द आहे, जर्नीमन. या क्लबातून त्या क्लबात फिरत राहणारा खेळाडू. शब्दात थोडा कमीपणा आहे, की बाबा, हा कुठे टिकला नाही. आमच्या आयटीत कसं, दर दीड वर्षाला कंपनी बदललेला रेझ्युमे बघून एचआर भुवया उंचावते, तसंच. आता अनसचा रेझ्युमे बघा. मुंबई एफसी, पुणे एफसी, दिल्ली डायनामोज, मोहन बागान, जमशेदपूर, केरळ ब्लास्टर्स, एटीके, परत जमशेदपूर. वाटतं ना, काय हा माणूस, एका जागी थांबतच नाही?

थांबा. आता त्या क्लबांचं काय झालं ते बघू.

मुंबई एफसी 2007 मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी वीस वर्षांचा अनस तिथे आला. 2008 मध्ये सेकंड डिव्हिजन जिंकून टीम आय-लीगमध्ये गेली. अनस तिथे 2011 पर्यंत होता, म्हणजे चार वर्षं. हा क्लब 2017 मध्ये बंद झाला. 2011 मध्ये तो पुणे एफसीत आला. होम ग्राउंड बालेवाडी. 2012-13 च्या आय-लीगमध्ये ही टीम चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरी आली. तिथेही अनस चार वर्षं होता. 2015 मध्ये मालकांनी पुणे एफसीतून अंग काढून घेतलं आणि टीम संपली. दिल्ली डायनामोज 2019 मध्ये भुवनेश्वरला गेला आणि ओडिशा एफसी झाला. एटीके 2020 मध्ये मोहन बागानबरोबर जोडला गेला.

म्हणजे कळलं का? पहिले दोन क्लब मिळून हा माणूस आठ वर्षं महाराष्ट्रात खेळला. जिथे थांबायला मिळालं तिथे थांबला. आणि आज त्या दोन्ही क्लबांचं नावसुद्धा उरलेलं नाही.

पुढची पळापळही समजून घ्या. तेव्हा आपल्याकडे दोन लीग वेगवेगळ्या महिन्यांत चालायच्या. आयएसएल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मग आय-लीग. दोन-तीन महिन्यांच्या सीझनवर वर्ष कसं काढणार? त्यामुळे खेळाडू एका लीगमधून दुसरीत लोनवर जायचे. अनस दिल्लीकडून आयएसएल खेळला आणि 2017 मध्ये लोनवर मोहन बागानकडून आय-लीग. त्या सीझनला बागानचं विजेतेपद एका पॉइंटनं गेलं. ते नेलं आयझॉल एफसीनं, आणि आयझॉलचा कोच होता खालिद जमील, म्हणजे मुंबई एफसीतला अनसचा जुना कोच!

दिल्लीचा काळ मात्र त्याच्यासाठी भारी होता. 2015 मध्ये कोच रॉबर्टो कार्लोस, 2016 मध्ये झांब्रोटा. दोघंही वर्ल्ड कप जिंकलेले डिफेंडर. दोन्ही वर्षं टीम सेमीफायनलपर्यंत गेली.

आणि इंडियाची कॅप? पहिली मॅच 22 मार्च 2017 ला, कंबोडियाविरुद्ध नॉम पेन्हमध्ये. वय तीस पूर्ण. स्ट्रायकर तिशीत आला की लोक रिटायरमेंटच्या गप्पा सुरू करतात. सेंटर बॅकचं थोडं वेगळं असतं. पळण्याइतकंच महत्त्व असतं ओळखण्याला: बॉल कुठे येणार, समोरचा कुठून आत घुसणार, आपला लेफ्ट बॅक जागेवर आहे का. योग्य जागी आधीच उभा असलेल्या डिफेंडरला टॅकल करायची वेळच येत नाही. म्हणजे काम जितकं चांगलं, तितकं ते कमी दिसतं. आमच्यात सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे लगेच पटेल. रात्री काही बंद पडलं नाही, तर सकाळी कोणी थँक्यू म्हणत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत आयएसएलचा ड्राफ्ट झाला आणि जमशेदपूरनं पहिल्याच पिकमध्ये अनसला घेतलं, 1 कोटी 10 लाखांना. दोन वर्षांपूर्वी ज्याचा क्लब बुडाला होता, तो माणूस!

अजून एक मॅच सांगतो. 10 जून 2018, अंधेरीचं मैदान, इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल, समोर केनिया. सुनील छेत्रीनं दोन गोल मारले आणि 64 आंतरराष्ट्रीय गोलांवर मेस्सीची बरोबरी केली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे छेत्री आणि मेस्सी. पण तो दुसरा गोल परत बघा. मागून लांब बॉल येतो, छेत्री छातीवर घेतो आणि मारतो. तो लांब बॉल अनसचा होता. जिथे करिअर सुरू झालं त्याच शहरात.

आता कडू भाग. जानेवारी 2019, एशियन कप, शारजा. बहरीनविरुद्ध ड्रॉ झाला असता तर भारत पुढे गेला असता. अनस पहिल्या पाच मिनिटांच्या आतच दुखापतीमुळे बाहेर. नव्वद मिनिटं संपल्यावर पेनल्टी गेली, 0-1. दुसऱ्याच दिवशी त्यानं इंटरनॅशनल फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. कोच बदलल्यावर तो परत आला, पण थोड्याच दिवसांसाठी. 2019-20 मध्ये एटीके आयएसएल जिंकली, 2021-22 मध्ये जमशेदपूरनं लीग शील्ड जिंकली. तो दोन्ही टीममध्ये होता, पण फारसं खेळायला मिळालं नाही. पुढे 2024 मध्ये सुपर लीग केरळ सुरू झाली, तेव्हा तो आपल्या जिल्ह्याच्या मलप्पुरम एफसीत होता.

या गोष्टीचं 'मेहनत करा, फळ मिळेल' असं पोस्टर कृपया करू नका. पुणे एफसी बंद झाला तेव्हा अनस 28 वर्षांचा होता आणि नाव झालेलं होतं, म्हणून दिल्लीनं घेतलं. त्याच ड्रेसिंग रूममध्ये विशीतली, एक-दोन मॅच खेळलेली पोरंही असणार. मेहनत त्यांनीही केलीच असेल. त्यांना कोणी विचारलं असेल?

मला खरी काळजी इथे वाटते. अनस घडला तो मधल्या क्लबांमध्ये. स्टार नाहीत, टीव्हीवर फार नाव नाही, पण वीस वर्षांच्या डिफेंडरला चुका करू देणारे, दर आठवड्याला नव्वद मिनिटं देणारे. डिफेंडर बेंचवर बसून तयार होत नाही. कोल्हापुरात पेठांच्या टीमची मॅच असली की शाहू स्टेडियम भरतं, तिथला एखादा पोरगा आज अनससारखा सेंटर बॅक व्हायचं म्हणाला, तर मुंबई एफसी नाही, पुणे एफसी नाही. खालची पायरी आहे, वरची आहे, मधल्या पायऱ्याच काढून टाकल्यात. वर आयएसएलमधला एफसी पुणे सिटीसुद्धा 2019 मध्ये गुंडाळला गेला.

म्हणून पुढच्या वेळी कोणाच्या नावापुढे आठ क्लब दिसले, तर 'हा टिकत का नाही' असं म्हणण्याआधी एक प्रश्न विचारा: ते क्लब टिकले का?

तुमच्या गावात अशी बंद पडलेली एखादी टीम असेल, फुटबॉल, कबड्डी, काहीही, तर तिच्याबद्दल मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू. चला, भेटूया!