दूरस्थ कामकाज आणि निःसंदिग्ध संदेश

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



दूर बसून कारभार हाकण्याची वाट काही २०२० सालच्या टाळेबंदीने प्रथम दाखविलेली नाही. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात कचेऱ्या ओस पडल्या आणि घरूनच कामकाज सुरू झाले, तेव्हा साधने तेवढी नवी होती. अडचण जुनीच होती. सांगणारा एके ठिकाणी, ऐकणारा दुसरीकडे, आणि मधल्या अंतरात अर्थ हरवण्याचे भय.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियातील बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर उभा होता. शत्रू काबीज केलेल्या तोफा घेऊन जात आहे, असे त्याला तेथून दिसले. तोफा नेऊ देऊ नयेत, असा लेखी हुकूम त्याने खाली दरीतील घोडदळाकडे धाडला. परंतु दरीतून त्या तोफा दिसतच नव्हत्या. दिसत होता तो दरीच्या टोकाचा रशियन तोफखाना. ‘कोणत्या तोफा?’ असे विचारले असता हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलनने मोघमपणे हात केला. सुमारे ६७० स्वारांचे लाइट ब्रिगेड हे पथक तीन बाजूंच्या माऱ्यात शिरले आणि शंभराहून अधिक स्वार प्राणास मुकले.

दोष कोणाचा, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे. कारभाराच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, हुकमातील प्रत्येक शब्द लिहविणाऱ्याला स्वच्छ होता. दरीतून काय दिसते, हे मात्र त्याच्या ध्यानी आले नाही. परिपत्रक काढणाऱ्या कार्यालयाची जागाही बहुधा टेकडीवरच असते. ‘आवश्यक ती कार्यवाही तात्काळ करावी’ या वाक्यात आवश्यक काय, ते कोणी करावयाचे आणि तात्काळ म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत, हे सारे लिहिणाऱ्याच्या मनातच राहते. मग शाळेतील शिक्षक केंद्रप्रमुखांना विचारतो, केंद्रप्रमुख तालुक्याला विचारतात, आणि मुदत त्यातच सरते.

दुसरे उदाहरण बोललेल्या शब्दाचे आहे. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांतील तेनेरीफ येथे दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली व ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एका विमानाने उड्डाणाची परवानगी नसताना धाव घेतली होती. त्याच्या वैमानिकाच्या संदिग्ध वाक्याला नियंत्रकाने ‘ओके’ म्हटले. थांबण्याविषयीचे त्याचे पुढील शब्द, दुसरे विमान त्याच क्षणी बोलू लागल्याने, कर्कश आवाजात बुडाले. त्यानंतर महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्याने ती परत उच्चारून दाखवावी, नुसत्या ‘ओके’वर भागवू नये, यावर विमानवाहतुकीत कटाक्ष आला.

भ्रमणध्वनीच्या गटात अंगठ्याचे चिन्ह टाकून मोकळी होणारी मंडळी प्रत्येक कार्यालयात असतात. त्या चिन्हावरून संदेश पोहोचल्याचे कळते, समजल्याचे नव्हे. ‘पंधरा तारखेपर्यंत दोन वर्गखोल्यांचा प्रस्ताव पाठवितो’ असे उत्तर आले, तर एक खोली किंवा एक तारीख चुकली असल्यास ती तेथेच उघडी पडते.

संदेश ऐकणाऱ्याच्या मापात असावा, हे सांगलीकरांना वेगळे सांगावे लागत नाही. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर धोका. कोयनेतून किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, हा आकडा अभियंत्याशी बोलतो; नदीकाठच्या गृहिणीला तो मुका वाटतो. ‘आयर्विनला चाळीस’ म्हटले की मात्र आपल्या दाराशी पाणी केव्हा येईल, याचा तिला अदमास बांधता येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर चढले. ज्या घराने पूर्वी कधी पूर पाहिला नाही, त्याला फुटांचा आकडाही पुरत नाही. तेथे ‘सायंकाळपूर्वी घर सोडा, अमक्या शाळेत जा, गुरे अमक्या माळावर न्या’ अशाच शब्दांत सांगावे लागते, आणि तेही दवंडी व ध्वनिक्षेपक यांसह, कारण पुरात वीज जाते, मनोरे बंद पडतात.

दूरदृश्य बैठकांत वरिष्ठ बोलतात, इतर ऐकतात. ज्या गावी आवाज तुटतो तेथील सरपंच संकोचाने गप्प राहतात. बैठक आटोपण्यापूर्वी यादीतील शेवटच्या गावाचे नाव पुकारून ‘सरपंच, आता आपण उद्या सकाळी काय करणार, ते सांगा’ असे विचारावे. उत्तर चुकले तर ते त्याच क्षणी दुरुस्त करावे, आणि झालेले निर्णय जबाबदार व्यक्तीच्या नावानिशी व तारखेसह त्याच दिवशी सर्वांकडे रवाना करावेत.