पत्रावरील नाव आणि पाठवणाऱ्याची ओळख
(कर्मचारी प्रशिक्षण वर्गात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आजचा विषय संगणक विभागाचा वाटला तरी तो मुळात विश्वासाचा आहे. देणगीदारांच्या पावत्या, पुरवठादारांची देयके, प्रयोगशाळेचे अहवाल हे सर्व आता ई-मेलने येते-जाते. म्हणूनच येणारे पत्र खरोखर कोणाचे, हे पारखणे ही प्रशासकीय जबाबदारी ठरते.

ई-मेल पोहोचविण्याची मूळ पद्धत १९८२ साली निश्चित झाली. तेव्हा हे जाळे लहान होते; पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची तरतूद त्या पद्धतीत नव्हती. टपालाच्या पाकिटावर कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसेच येथेही करता येते. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन उपाय आले.

पहिला एसपीएफ. आपल्या डोमेनच्या नावाने कोणकोणत्या सर्व्हरने पत्रे पाठवावीत, याची यादी आपण जाहीर करतो आणि पत्र घेणारा सर्व्हर ती पडताळतो. दुसरा डीकेआयएम. बँक धनादेशावरील सही नमुना स्वाक्षरीशी ताडून पाहते, तशी येथे पत्रावरील अंकीय स्वाक्षरी आपण जाहीर केलेल्या किल्लीशी ताडली जाते. वाटेत मजकुरात फेरफार झाल्यास ती जुळत नाही. तिसरा डीमार्क, ज्याचा दस्तऐवज २०१५ साली प्रसिद्ध झाला. वाचकाला दिसणारे डोमेन आणि वरीलपैकी किमान एका तपासणीत सिद्ध झालेले डोमेन जुळते का, हे तो पाहतो. न जुळल्यास काय करावे, याविषयीची डोमेनधारकाची सूचनाही त्यात असते. नुसती नोंद घ्या, संशयित म्हणून बाजूला ठेवा, किंवा नाकारा, अशा त्या तीन पायऱ्या आहेत.

थेट तिसरी पायरी गाठण्याचा मोह टाळावा. आपल्या नावाने केवळ कार्यालयच पत्रे पाठवीत नाही. अहवाल पाठविणारी प्रणाली, देणगीच्या पावत्या देणारी सेवा, वेतनपत्रके पाठविणारी यंत्रणाही पाठवितात. यांपैकी एखादी यादीत राहून गेली, तर आपलाच अहवाल रुग्णापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून प्रथम सर्व प्रेषकांची यादी करावी, काही आठवडे फक्त नोंद घ्यावी, येणारे गोषवारे वाचावेत आणि मगच कठोर व्हावे. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी आणि ती तपासताना दहापेक्षा अधिक डीएनएस शोध लागू नयेत. अन्यथा सारी तपासणीच निष्फळ ठरते.

येणाऱ्या पत्रांबाबतही तारतम्य हवे. एखाद्या मानद डॉक्टरांनी आपली पत्रे दुसऱ्या खात्यावर वळविली असतील, तर तेथे एसपीएफ जुळत नाही, मात्र मजकूर न बदलल्यास डीकेआयएम जुळते. यास्तव एकाच कसोटीवर पत्र नष्ट करू नये. संशयित पत्रे वेगळ्या कप्प्यात ठेवून आवक विभागाने ती रोज पाहावीत. रुग्णाच्या नातेवाइकाने कळवळून लिहिलेले पत्र तेथे पडून राहणे हेही नुकसानच आहे. दुसरीकडे, ‘अमुक पुरवठादाराची सर्व पत्रे आत सोडा’ अशी सरसकट सवलत देऊ नये, कारण त्याच्या नावाची बनावट पत्रेही त्याच वाटेने येतील. सवलत द्यायचीच असेल, तर ओळख सिद्ध झालेल्या पत्रांपुरतीच द्यावी.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना हे तिन्ही उपाय आवश्यक केले. आपली पत्रसंख्या त्यांच्या मर्यादेत बसली तरी आपल्या पावत्या देणगीदारांपर्यंत पोहोचाव्यात, यासाठी ही शिस्त आपल्याही हिताची आहे.

तथापि या कसोट्या ओळख तपासतात, हेतू नव्हे. नावातील एखादे अक्षर बदलून घेतलेले डोमेन तिन्ही कसोट्यांना उतरू शकते. खऱ्या पुरवठादाराचे खातेच चोराच्या हाती गेले, तर त्याचे पत्रही निर्दोष दिसेल. म्हणून लेखा विभागाचा नियम असा राहील : बँक खाते बदलल्याचे पत्र आल्यास त्या पत्रातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्या जुन्या नोंदीतील क्रमांकावर दूरध्वनी करावा आणि दोघांच्या सह्यांशिवाय नवे खाते नोंदवू नये. पैसे गेल्याचे लक्षात येताच बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. वरिष्ठांच्या नावाने तातडीची आज्ञा आली तरी या नियमास अपवाद नाही. विचारणा केली म्हणून कोणासही दोष दिला जाणार नाही.

आपल्या तिजोरीतील पैसा निवृत्तिवेतनातून बाजूला काढलेल्या देणग्यांचा आहे आणि तो गरीब रुग्णाच्या औषधासाठी आहे. तो योग्य ठिकाणी पोहोचविणे हाही रुग्णसेवेचाच भाग होय. सर्वांचे सहकार्य लाभेल, असा विश्वास व्यक्त करून मी थांबतो.